आधी विचारायला शिकवा, मग सांगायला: नर्सिंगच्या पोरींना संस्कृती आणि आरोग्य कसं शिकवायचं

नवीन बॅच वॉर्डात गेली की आठवडाभरात कोणीतरी पोरगी धावत येऊन सांगतेच, मॅडम त्या सात नंबरच्या बाईने बाळाला चीक पाजलाच नाही, किती अडाणी लोक आहेत हो. मी रागावत नाही, एवढंच विचारते, तू तिला विचारलंस का काहून नाही पाजला म्हणून? उत्तर दरवेळी तेच असते, नाही मॅडम, मी तिला सांगितलं ना की पाजा.

मागे अशीच एक पोरगी मी परत पाठवली, म्हटलं जा, तिच्या बाजूला बस आणि फक्त विचार. ती बसली, म्हणाली, "काय झालं वं ताई, दूध पाजायची इच्छा नाही काय?" ती बाई आधी बोललीच नाही, मग हळूच म्हणाली, "इच्छा काहून नाही राहीन माय, पण समोरच्या खाटेवरच्या बाईचा दीर बसून राह्यला ना सकाळपासून, मी पदर कशी सारू?" बस, एवढीच गोष्ट होती. अंधश्रद्धा नाही, चीक फेकायची रीत नाही, काही नाही, वॉर्डात पडदा नव्हता. पोरीने दोन सलाईनच्या स्टँडला एक चादर बांधली आणि दहा मिनिटात बाळ पिऊ लागलं.

मी विदर्भातल्या एका खेडेवजा तालुक्याच्या ठिकाणी नर्सिंग स्कूलला ट्यूटर आहे, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) या तीन वर्षांच्या आणि एएनएम (ऑक्झिलिअरी नर्स मिडवाइफ) या दोन वर्षांच्या, दोन्ही कोर्सच्या पोरींना शिकवते. नवीन ट्यूटर लोक विचारतात की सोशिऑलॉजीच्या तासात तो संस्कृती आणि आरोग्याचा भाग कसा घ्यायचा, कारण पुस्तकात व्याख्या असतात आणि पोरी त्या पाठ करून मोकळ्या होतात. मी जे करते ते लिहून काढते, यात जे तुमच्या गावाला लागू होईल ते घ्या.

पहिला तास स्वतःच्या घरापासून

पुस्तक उघडू नका. प्रत्येकीला तीन कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव लिहायचं नाही, आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायला लावा. तुमच्या घरी लहान बाळ सारखं रडलं तर काय करतात, बाळंतिणीला काय खाऊ देत नाहीत, आणि पाळी आली की तुम्हाला काय काय करायची मनाई असते. चिठ्ठ्या एका डब्यात टाका आणि तुम्ही स्वतः वाचून दाखवा, पोरींना वाचायला देऊ नका कारण अक्षर ओळखू येते.

पहिल्या दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्यांना हसतात. मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात, तळपायाला काजळ लावतात, पपई देत नाहीत, बाळंतिणीला थंड पाणी देत नाहीत, पाचवीच्या रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून पाटावर वही-पेन ठेवतात. मग पाळीच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या की वर्ग गप्प होतो. देवघरात जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, वेगळी सतरंजी, कोणाकडे वेगळं ताट. तेव्हा मी गडचिरोलीकडच्या माडिया लोकांच्या कुर्माघराबद्दल सांगते, पाळीच्या दिवसात बाईला गावाबाहेरच्या झोपडीत राहावं लागते ते. एरवी हे ऐकून पोरी म्हणतात बापरे किती मागास. पण आपलीच चिठ्ठी आत्ता वाचली गेलेली असते ना, त्यामुळे कोणी तसं म्हणत नाही. एक पोरगी म्हणाली होती, मॅडम आमच्या घरी झोपडी नाही पण खोलीचा कोपरा आहे. त्यावर मला पुढे काही शिकवायची गरजच पडली नाही.

हा तास नंतरच्या सगळ्याचा पाया आहे म्हणून घाई करू नका, दोन तास गेले तरी जाऊ द्या. संस्कृती म्हणजे मेळघाटातला कोरकू, यवतमाळकडचा कोलाम, तांड्यावरचा बंजारा, असं पोरींच्या डोक्यात पक्कं बसलेलं असते, म्हणजे संस्कृती दुसऱ्याची आणि आपलं ते नॉर्मल. हे आधी मोडावं लागते.

त्याच्यानंतर दवाखान्याची संस्कृती घ्या. हो, दवाखान्याला पण रीतिरिवाज असतात आणि ते आपल्याला दिसत नाहीत कारण आपण त्यातच राहतो. बाईला नावाने न बोलावता सात नंबर म्हणणं, बाळंतपणाला उताणं झोपवणं (गावात बाया उकिडव्या बसून बाळंत होत आल्या आहेत), तिच्या मायला दाराबाहेर उभं करणं, सगळ्यांनी पांढरे कपडे घालणं. पांढऱ्या कपड्यांवरून मी शोधग्रामची गोष्ट सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधायच्या आधी आदिवासी लोकांनाच विचारलं की तुम्ही दवाखान्यात काहून येत नाही आणि तुम्हाला कसा दवाखाना पाहिजे. लोकांनी सांगितलं की मोठ्या इमारतीत भीती वाटते, आमच्यात मेलेल्या माणसाला पांढरं गुंडाळतात आणि तुमचे डॉक्टर-नर्स सगळे पांढऱ्यात, आणि नातेवाइकाला सोबत राहू देत नाहीत. मग तिथला दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला मां दंतेश्वरीचं नाव दिलं, त्या लोकांच्या देवीचं. पोरींना हे सांगून विचारा की आपल्या वॉर्डात पेशंटला कशाची भीती वाटत असेल. फळ्यावर लिहा. आमच्या पोरींनी एकदा सव्वीस गोष्टी लिहिल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या आम्हीच बदलू शकत होतो, पैसा न लागता.

थिअरी किती सांगायची

थोडीच. मॅडेलीन लायनिंजर ही अमेरिकन नर्स, मानववंशशास्त्र शिकलेली, तिने 1950 च्या दशकापासून यावर काम केलं आणि परीक्षेत तीच येते, त्यामुळे नाव पाठ करू द्या. पण तिच्या मांडणीतला कामाचा भाग म्हणजे तीन वाटा: पेशंटची जी रीत आहे ती तशीच राहू द्यायची, किंवा थोडी जुळवून घ्यायची, किंवा बदलायला मदत करायची. दुसरी म्हणजे न्यूझीलंडची माओरी नर्स इरिहापेती रॅम्सडेन, तिचं म्हणणं असं की सेवा सुरक्षित वाटली की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं, नर्सने नाही. न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने 1992 मध्ये हे नर्सिंगच्या शिक्षणात आणलं. रॅम्सडेनचं हे वाक्य मी वर्गाच्या भिंतीवर मराठीत लिहून ठेवलंय.

तीन टोपल्या

लायनिंजरच्या तीन वाटांच्या मी तीन टोपल्या केल्या, खरोखरच्या बांबूच्या टोपल्या, बाजारातून आणलेल्या. एकीवर "राहू द्या", दुसरीवर "जुळवा", तिसरीवर "बदला". पहिल्या तासाच्या चिठ्ठ्या आणि आणखी तुम्ही लिहिलेल्या वीस-पंचवीस चिठ्ठ्या पोरींनी त्या टोपल्यांत टाकायच्या, पण टाकताना कारण सांगायचं आणि दुसरीला पटलं नाही तर भांडायचं. भांडू द्या. एक नियम पक्का, बदला या टोपलीत टाकायचं असेल तर शरीराला नेमकं नुकसान काय होते ते सांगता आलं पाहिजे, "अंधश्रद्धा आहे म्हणून" हे कारण चालणार नाही.

काजळावर सगळ्यात जास्त भांडण होते. डोळ्यात काजळ घालणं नुकसानीचं, इन्फेक्शन होते, काही काजळात शिसं असते. पण काजळ कशासाठी, तर नजर लागू नये म्हणून. मग ते तळपायाला लावलं तर? आजीचं काम झालं, डोळा वाचला. म्हणजे जुळवा. शेकशेगडी तसंच, बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्याचा धूर बाळाच्या छातीत जातो, पण बाळंतिणीला ऊब पाहिजे हे काही खोटं नाही, मग गरम पाण्याची पिशवी द्या, खिडकी उघडी ठेवा, बाळाला मायच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवा. डिंकाचे लाडू राहू द्या. पाचवी राहू द्या, आणि बाई पाचव्या दिवशी वॉर्डातच असेल तर तिच्या सासूला दिव्याऐवजी काय करता येईल ते विचारा, ऑक्सिजनजवळ दिवा चालणार नाही हे सांगायला लागते, पण सांगायची पद्धत असते.

बदला या टोपलीत जे जाते ते ठामपणे जाऊ द्या, तिथे गुळमुळीत राहू नका. नाळेवर शेण, राख, हळद काही नाही, नाळ कोरडी ठेवायची. पहिल्या तासातच चीक पाजायचा, मध किंवा घुटी नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. साप चावला की मांत्रिकाच्या ओट्यावर एक मिनिट नाही, थेट अँटिव्हेनम असलेल्या दवाखान्यात. आणि मेळघाटातला डंबा, लहान बाळाचं पोट फुगलं की पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात तो.

डंब्याबद्दल मी वेगळा तास घेते कारण इथे पोरींचा तोल जातो. चटक्याच्या खुणा असलेलं बाळ आलं की पोरगी आईवर ओरडते, आणि तो ओरडा ऐकून ती आई पुढच्या वेळी येतच नाही. मी सांगते, आधी बाळाकडे बघ, श्वास मोज. मग आईला विचार, "माय, चटका द्यायच्या आधी बाळाले काय होऊन राह्यलं होतं?" ती सांगेल पोट फुगलं, फासळ्या उडत होत्या, दूध सोडलं. फासळ्या उडणं म्हणजे आपल्या पुस्तकातलं चेस्ट इनड्रॉइंग, म्हणजे न्यूमोनिया. त्या बाईला धोका दिसला होता, तिने जे माहीत होतं ते केलं. आता तिला सांगा की तुला दिसलं ते बरोबर दिसलं, फासळ्या उडाल्या की त्याच घटकेला आशाताईला बोलाव, चटक्याने बाळाचा जीव आणखी जातो. भुमका आणि पुजारी, म्हणजे गावात पूजा-उपचार करणारे, यांच्याबद्दल पण हेच, त्यांना शत्रू करून काही मिळत नाही. लोक त्यांच्याकडे आधी जातात, तर त्यांनाच धोक्याची लक्षणं सांगून तुम्ही पूजा करा पण पेशंट लगेच पाठवा असं म्हणणाऱ्या नर्सेस मी पाहिल्यात आणि त्यांच्या उपकेंद्रात पेशंट वेळेवर येतात. जिथे अघोरी प्रकार, मारहाण होत असेल तिथे मात्र 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे हे पोरींना माहीत पाहिजे.

राहू द्या या टोपलीची किंमत मला कशी कळली ते सांगते. मी स्वतः दुसऱ्या वर्षाला होते, एका दवाखान्यात पोस्टिंग होती. एका बाळाच्या मनगटाला काळा धागा होता, त्यात काहीतरी बांधलेलं, मळलेला. मला शिकवलं होतं धाग्याने इन्फेक्शन होते. मी कात्री घेतली आणि न विचारता कापला. आजी शेजारी बसली होती, ती काही बोलली नाही, तिने खाली पडलेला तुकडा उचलून पदरात बांधला. रात्री दोन-अडीचला ते लोक बाळाला घेऊन निघून गेले, कोणाला न सांगता. बाळाचा ताप उतरला नव्हता, अँटिबायोटिकचे दोनच डोस झाले होते. सीनियर सिस्टरने रजिस्टरला पळून गेले असं लिहिलं. त्या बाळाचं पुढे काय झालं मला आजपर्यंत माहीत नाही. तो धागा साबणाने धुऊन दुसऱ्या हाताला बांधता आला असता, जिथे सलाईनची सुई नव्हती. दरवर्षी मी हे वर्गात सांगते आणि दरवर्षी सांगताना आवाज जातो.

सगळ्याला संस्कृती म्हणून खपवू नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संस्कृती शिकवली की पोरींना प्रत्येक गोष्टीत संस्कृतीच दिसायला लागते. बाई तपासणीला आली नाही, त्यांच्यात तसंच असते. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत, त्यांचा विश्वास नाही. जरा थांबा. कापूस वेचणीचे दिवस आहेत, ती दिवसाच्या मजुरीवर आहे, गावातून एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, म्हणजे तपासणीला आली की दिवस बुडाला आणि वर तिकीट. यात कसली आली संस्कृती.

गोळ्यांचंही तसंच. काही बाया खरंच म्हणतात की गोळीने बाळ मोठं होते आणि बाळंतपण अडते, किंवा बाळ काळं होते. पण काही बाया म्हणतात मळमळते, संडास काळी होते, घाबरून बंद केल्या, कोणी सांगितलंच नव्हतं की काळी होते. पहिलीला वेगळं उत्तर पाहिजे आणि दुसरीला वेगळं. न विचारता कळणार कसं?

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा पण लोक सहज म्हणून गेले की शेतकरी निष्काळजी असतात, मास्क लावत नाहीत. मी पोरींना सांगते, ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या उंच कपाशीत, पाठीवर पंप घेऊन, दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणाऱ्या माणसाला कोणी हातमोजे दिले होते का हे आधी विचारा. पेशंट हिस्ट्री घेताना "कोणाच्या शेतात, कोणता पंप, अंगावर काय घातलं होतं, जेवायच्या आधी हात धुवायला पाणी होतं काय" हे प्रश्न लिहून द्या.

म्हणून माझ्या पोरींच्या केस स्टडीत एक रकाना असतो, रीत की अडचण. दोन्ही बाजूला लिहायचं, आणि लिहायच्या आधी पेशंटला विचारायचं.

विचारायचं कसं

अमेरिकन मानसोपचारतज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी पेशंटला विचारायचे आठ प्रश्न सुचवलेत, आजाराबद्दल पेशंटचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते काढायला. मी ते आमच्या बोलीत केले आणि आठाचे सहा केले. तुमाले काय वाटते, हे काहून झालं असन? कधीपासून लागलं, तवा काय चाललं होतं घरी? दवाखान्यात यायच्या आधी काय काय करून पाह्यलं? याच्यात तुमाले सगळ्यात जास्त भेव कशाचं वाटते? काय झालं म्हणजे तुमी म्हणान की आता बरं वाटते? घरी कोणाले इचारा लागते? शेवटचा प्रश्न माझा आहे, सुनेला सगळं समजावून सांगितलं आणि निर्णय सासूचा असेल तर सगळं पाण्यात.

तिसरा प्रश्न विचारताना तोंडावर काही येऊ द्यायचं नाही. बाई म्हणाली कावीळ उतरवून आणली, गळ्यात माळ घातली, तरी मान हलवायची आणि पुढे विचारायचं. भुवया वर गेल्या की ती पुढचं सांगत नाही, आणि पुढच्यातच कधी कधी जडीबुटीचं नाव असते जे डॉक्टरला माहीत होणं गरजेचं असते.

सरावाला पोरींची आपापसात जोडी लावू नका, त्या एकमेकींना सोपी उत्तरं देतात. मी हॉस्टेलच्या स्वयंपाकाच्या मावशींना पेशंट म्हणून वर्गात आणते, त्यांना त्या वेळेचं मानधन देते. पहिल्यांदा आल्या तेव्हा एका पोरीने उभ्या उभ्या विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" मावशींनी उत्तरच दिलं नाही. नंतर म्हणाल्या, "तू आधी बस तं खरी बाई, मंग इचार." तेव्हापासून आमच्या चेकलिस्टवर पहिली ओळ आहे, बसली का.

भाषेची गोष्ट वेगळी. वऱ्हाडी ही झाडीपट्टीसारखी नाही आणि कोरकू, गोंडी, कोलामी, गोरमाटी तर मराठीच नाहीत. दुभाषी लागला तर लहान पोरीला मायच्या अंगावरून जाण्याबद्दल विचारायला लावू नका. आशाताई मदत करते पण ती त्याच गावची असते, म्हणून बाईला आधी विचारा की आशाताई चालेल काय.

आणि वर्गात जी एखादी कोरकू किंवा गोंड पोरगी असते तिला "सांग बरं तुमच्यात काय करतात" असं कधी उभं करू नका. मी केलंय हे सुरुवातीला. ती पोरगी खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मी आठवीपासून आश्रमशाळेत होते, मला नाही माहीत." तिला तिच्या समाजाचा नमुना करून टाकलं मी. आता मी आधी एकटीला विचारते, सांगायचं आहे काय, आणि ती हो म्हणाली तर तिला शिकवणाऱ्याच्या जागी बसवते.

हेच सिकलसेलला, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराला. विदर्भात हा आजार आदिवासींत आहे, तसाच दलित समाजात आहे, कुणबी-तेली समाजात पण सापडतो, त्यामुळे पेशंटला "तुमच्यात असतेच हा" म्हणणं चुकीचं तर आहेच आणि लागते पण. 2023 च्या जुलैपासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू आहे, तपासण्या होतात, पण रिपोर्ट हाती आला की दोष सुनेवर जातो. ते थांबवायला मी पोरींना चवळीचे दाणे घेऊन शिकवते. दोन वाट्या, एक आईची एक बापाची, प्रत्येकीत एक पांढरा दाणा एक लाल. डोळे झाकून दोन्हीतून एकेक काढायचा. दोन्ही लाल आले तर आजार, एकच लाल आला तर वाहक. दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणाला चारात एक वेळ दोन्ही लाल यायची शक्यता. सासूला हे दाणे काढायला लावा. एका बुढीने दोन्ही लाल काढले आणि बापाच्या वाटीकडे बघत म्हणाली, "म्हणजे अर्धा माह्या पोराचा व्हय?" हो आजी, अर्धा त्याचा.

गावात गेल्यावर

कम्युनिटी पोस्टिंगला घरी जाताना चप्पल बाहेर, रामराम, जय भीम, जय सेवा, जय सेवालाल, सलाम, समोरचा जे म्हणेल ते परत म्हणा, आडनावावरून अंदाज बांधू नका. काळा चहा दिला तर प्या. आहाराचा तक्ता देताना सफरचंद आणि बदाम लिहू नका, आधी चुलीपाशी बसून बघा आज काय शिजलं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडी, तरोटा, जवसाची चटणी, शेवगा ज्याला पूर्वेकडे मुनगा म्हणतात, यातूनच तक्ता निघाला पाहिजे. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घरोघरी आहे, पाहुण्याला खर्रा पुढे करतात, त्यामुळे "खर्रा वाईट" सांगून कोणी सोडत नाही. कोणासोबत खाता, पहिला कधी, कोणी दिला तर नाही कसं म्हणाल, यावर बोला, आणि बोलता बोलता तोंड किती उघडते ते बघा, तीन बोटं जात नसतील तर रेफर करा.

मेळघाटात पोस्टिंग असेल तर लसीकरणाचं कॅलेंडर होळीशी जुळवून बघा, कामाला बाहेर गेलेले कोरकू लोक होळीला घरी येतात, सुटलेली बाळं तेव्हा सापडतात.

बायांच्या आजाराला वेगळा वेळ ठेवा. 1989 मध्ये डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला, दोन गावातल्या 650 बाया तपासल्या, 92 टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. म्हणजे न बोललेलं किती असते बघा. दार लोटून, पुरुष बाहेर गेल्यावर, हळू आवाजात विचारलं तर बाया बोलतात.

मार्क कसे द्यायचे

"आदिवासींच्या चालीरीती लिहा, 5 गुण" हा प्रश्न काढूच नका, त्याने शिक्के पक्के होतात. पोरीला पेशंटजवळ बसवा आणि तुम्ही दोन खाटा सोडून उभ्या राहा. बसली का, नावाने बोलली का, सांगायच्या आधी विचारलं का, आणि शेवटी "आता घरी जाऊन सासूबाईले काय सांगान?" असं विचारून पेशंटच्या तोंडून परत ऐकलं का. एवढ्यावर मार्क. पहिल्या वेळी बहुतेक पोरी दुसऱ्या मिनिटाला सल्ला द्यायला लागतात, नापास करू नका, तिसऱ्यांदा जमते.

आणि एक शब्दांची वही ठेवा, बॅच बदलली तरी वही तीच. पेशंटने वापरलेला शब्द, त्याचा अर्थ पेशंटच्या म्हणण्याप्रमाणे, आणि आपल्या पुस्तकात त्याला काय म्हणतात. अंगावरून पांढरं जाणं, बेंबी सरकणं, पोट पडणं, जीव घाबरणं. "माता आली" म्हटलं की गोवर की कांजण्या ते पुरळ बघून ठरवायचं, लिंबाचा पाला राहू द्यायचा आणि व्हिटॅमिन ए विचारायचं.

मागच्या पावसाळ्यात एका एएनएमच्या पोरीने लिहिलेलं पान मी सगळ्यांना दाखवते. एक आजी नातवाला घेऊन आली, म्हणे टाळू पडली, तेल भरून पाह्यलं, भरत नाही. आधीच्या बॅचमधल्या कोणीतरी तिथे "गैरसमज" असं लिहून ठेवलं होतं. या पोरीने बाळाच्या डोक्यावर बोट ठेवलं तर टाळू खरंच खोल गेलेली, डोळे आत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जाणारी. तिने तिथल्या तिथे ओआरएस चमच्याने सुरू केलं, डॉक्टरला बोलावलं आणि नंतर आजीला झिंकच्या गोळ्या 14 दिवसांच्या समजावल्या. मग वहीत "गैरसमज" खोडला आणि समोर लिहिलं: टाळू पडणे, डिहायड्रेशन, आजीने आपल्या आधी ओळखलं.